मंगळवारची रिकामी भट्टी

रविवार, ३ नोव्हेंबर

नोंदवहीत मत लिहायला जागा नाही. तिथे चारच रकाने आहेत: तारीख, वेळ, भट्टीत काय गेलं, सही. एकोणीस वर्षं मी ते रकाने भरले आणि मत घरी घेऊन आलो. ते ताईला ऐकावं लागायचं. परवा ती म्हणाली, “अरे, मला चौऱ्याहत्तरावं लागलंय, आता तरी कान मोकळे राहू देत. एक वही आण आणि तिचं डोकं खा.” म्हणून ही वही. वर तिचा हुकूम असा की सगळं पहिल्यापासून लिही, उद्या कुणाच्या हाती लागली तर निदान कळलं पाहिजे.

तर पहिल्यापासून. आमच्या ज्यू मंडळाचं एक भाड्याचं स्वयंपाकघर आहे. ज्यांना कोशर, म्हणजे आमच्या आहारनियमांत बसणारं खाणं बनवून विकायचं असतं, ते इथे येतात. देखरेख माझी. मांस आणि दूध एकत्र येऊ द्यायचं नाही, हे माझं काम. ताटात नाही, भांड्यात नाही आणि भट्टीत तर नाहीच नाही, कारण तापलेली भट्टी आतल्या पदार्थाची वाफ पिते आणि पुढच्या पदार्थाला पाजते. आतापर्यंत प्रश्नच नव्हता. भट्टी एक आणि ती मांसाची. खिमेवाली सात वर्षं तिच्यात खिम्याचे पफ भाजते आहे.

आता मंडळाने एक चीजवाला आणला आहे. चीजचे केक करतो. दुसऱ्या भट्टीला जागा नाही, म्हणून दोघांनी एकच वापरायची. रब्बींनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, वेळापत्रक दिलं. रविवार-सोमवार मांस. सोमवारी शेवटचा ट्रे बाहेर आला की दारावर माझ्या सहीची कागदी पट्टी लावायची आणि चोवीस तास भट्टी गार ठेवायची. मंगळवारी चोवीस तास भरले की तासभर पूर्ण आचेवर रिकामी तापवायची. बुधवार-गुरुवार दूध. शुक्रवारी साफसफाई, शनिवारी शब्बाथ, आमचा विश्रांतीचा वार, सगळं बंद. रविवारी पहाटे पुन्हा रिकामी तापवायची आणि मांस सुरू.

तीन महिने करून बघायचं. एक जरी चूक झाली तरी चीजवाल्याने दुसरीकडे जायचं. जानेवारीअखेर मी अहवाल द्यायचा.

हे गुंडाळावं लागणार. आजच लिहून ठेवतो.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

पहिला रिकामा मंगळवार. पट्टी शाबूत, भट्टी गार. चीजवाला आज उगाचच आला होता. पस्तिशीचा असेल, केस विंचरायचे असतात हे त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. मी विचारलं, “आज काय काम?” म्हणाला, “साचे मोजतोय, काका.” साचे बारा आहेत. त्याला पाऊण तास लागला.

खिमेवालीही आली. ट्रे घासायचे राहिले म्हणे. तिचे ट्रे काल माझ्यासमोर घासले होते.

दोघं एकमेकांवर पाळत ठेवत आहेत, हे उघड आहे. ठेवू देत. माझं काम हलकं होईल.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

दोघं दुपारी एकाच टेबलावर जेवत होते. ती घरून आणलेलं गार मांस खात होती, तो समोर बसून चीज. मी लगेच गेलो. नियम असा की अनोळखी माणसं एका टेबलावर अशी बसली तर चालतं, कारण कुणी परक्याच्या ताटात हात घालत नाही. ओळख असेल तर मात्र मधे काहीतरी खूण ठेवावी लागते, नाहीतर बोलता बोलता एकमेकांचा घास उचलला जायचा.

मी विचारलं, “तुमची ओळख आहे का?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ती म्हणाली, “नाही हो काका. कामापुरतं बोलतो.”

मग ठीक.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

आज टेबलावर दोघांच्या मधोमध वजनकाटा ठेवलेला होता. न सांगता! मला खरंच बरं वाटलं. म्हणजे ओळख झाली आणि ओळख झाल्याबरोबर नियमही आठवला. आजकाल एवढी काळजी कोण घेतं?

ताईला सांगितलं तर ती चहा तसाच ठेवून हसायला लागली. म्हटलं, “यात हसण्यासारखं काय आहे?” म्हणाली, “काही नाही. तुला डोळे दिलेत देवाने, ते फक्त भट्टीच्या दाराला लावून ठेव.” ताईला धार्मिक गोष्टींचं गांभीर्य कधीच नव्हतं.

मंगळवार, १० डिसेंबर

खूण म्हणून आज वजनकाटा नव्हता, बाटलीचं बूच होतं. नियमात आकार दिलेला नाही हे मला मान्य, पण बूच? ताटं इतकी जवळ होती की मधे दुसरं काही मावलंही नसतं. मी दोघांना चांगलं खडसावलं आणि वजनकाटा आणून मधे ठेवायला लावला. दोघांनी तोंडं पाडली. खिमेवाली तरी इतकी वर्षं माझ्या हाताखाली आहे, तिला कळायला हवं होतं. हे सगळं चीजवाल्याच्या संगतीचं.

एक सांगायला हवं. गेल्या बुधवारी त्याची कामाची जागा पाहिली. निळ्या मुठीचे चमचे निळ्या डब्यात, फडकी मोजून घडी घातलेली, भट्टीच्या दाराची रबरी कडसुद्धा त्याने पुसून काढली होती. मला बोट ठेवायला जागा मिळाली नाही. राग आला.

सोमवार, १६ डिसेंबर

गुडघ्याने जीव नकोसा केला आहे. सकाळी उठताना भिंतीला धरावं लागलं. डॉक्टरांनी पाचची वेळ दिली. शेवटचा ट्रेही पाचलाच निघणार होता. आता दोन ठिकाणी कसा असणार?

खिमेवाली म्हणाली, “काका, तुम्ही जा. सात वर्षं मी ट्रे काढतेय, एक पट्टी लावता येणार नाही का?”

मी पट्टीवर सही करून तिच्या हातात दिली. नोंदवहीतही लिहून टाकलं, “शेवटचा ट्रे, पाच वाजता,” आणि सही केली. सव्वाचारला निघालो. पाचच्या जागी पाच-दहा झाले तर आकाश कोसळत नाही.

डॉक्टरांकडे अडीच तास बसलो. फोन बंद करून ठेवायची पाटी होती, तो घरी आल्यावर सुरू केला. खिमेवालीचे सहा मिस्ड कॉल. मी उलटा फोन केला तर म्हणाली, “काही नाही काका, पट्टी लावली. गुडघा कसा आहे?” पोरगी तशी मायाळू आहे.

मंगळवार, १७ डिसेंबर

आजच्यासारखा माणसाचा छळ मी पाहिला नाही.

पाच वाजता बरोब्बर हजर झालो. पट्टी पाहिली, ठीक होती. आता पेटवणार, तेवढ्यात चीजवाला आडवा आला. “काका, बसा ना. गुडघ्यावर जोर देऊ नका.” खुर्ची दिली, दुसऱ्या खुर्चीवर माझा पाय ठेवला, चहा केला. मग म्हणाला, “तुम्ही या कामात कसे पडलात, ते एकदा सांगा.”

आता विचारलं तर मी सांगणार. पहिल्या रब्बींपासून सुरुवात केली. साडेपाचला उठायला लागलो, तर याला प्रश्न पडला की आंधळ्या मालकाच्या बेकरीचं मी मघाशी म्हणालो ते काय प्रकरण होतं. सहाला उठलो, तर याने साच्याचा तुटलेला कान दाखवायला आणला. साडेसहाला खिमेवाली कुठूनशी उगवली आणि म्हणाली, मलाही आंधळ्या मालकाची गोष्ट ऐकायचीय, पहिल्यापासून. पुन्हा सांगितली! आणि हा सारखा घड्याळाकडे बघतोय. गोष्ट ऐकायची हौसही आहे आणि घरी जायची घाईही आहे, असली तऱ्हा.

सात बावीसला स्वतःच उठला. “चला काका, पेटवा.” जसं काही मीच त्याला अडवून ठेवलं होतं! मी पेटवली, नोंद केली, तासभर बसलो. घरी पोचेपर्यंत ताई जेवायची थांबली होती, तिची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

गॅसचा सिलिंडर नवा लावलेला दिसला. जुना शुक्रवारपर्यंत जायला हवा होता. खिमेवाली आच वाया घालवते. तिच्याशी बोललं पाहिजे.

मंगळवार, ७ जानेवारी

खिमेवालीची आई आज चीजचा केक घेऊन गेली. खिमेवालीने तो कागदात गुंडाळून, वर दोरी बांधून दिला. आईने चीजवाल्याला नखशिखान्त न्याहाळलं आणि विचारलं, “घरी कोण कोण असतं?” केक घ्यायला आलेल्या बाईला या चौकशा कशाला? तो बिचारा लाल झाला. म्हणाला, कुणी नाही, मी एकटाच.

बिचारा हा शब्द चुकून लिहिला गेला.

गुरुवार, १६ जानेवारी

अहवालाचा मसुदा लिहिला. खिमेवालीबद्दल तक्रार नाही. चीजवाला स्वच्छ आहे, हे लिहिलं. पण गप्पिष्ट आहे, दुसऱ्यांचा वेळ खातो, सतरा डिसेंबरला त्याच्यामुळे भट्टी तापवायला जवळजवळ अडीच तास उशीर झाला, ज्या दिवशी काम नाही त्या दिवशीही येऊन बसतो आणि खिमेवालीला बोलण्यात गुंतवतो. शेवटी लिहिलं: “एकाच भट्टीची ही व्यवस्था पुढे चालवू नये, असे माझे मत आहे.”

नोंदवहीत नसलेला मताचा रकाना अहवालात आहे. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

ताईला वाचून दाखवला. ती हसली नाही. म्हणाली, “त्या मुलीचा विचार केलास का?” म्हटलं, “तिला तर भट्टी पूर्ण मिळेल, तिचं काय वाईट होतंय?” ताई उठून आत गेली.

मंगळवार, २८ जानेवारी

आजचं सगळं जसंच्या तसं लिहितो.

दुपारी गॅसवाला सिलिंडर घेऊन आला. पायऱ्या चढताना म्हणाला, “आज घाई नाही ना? त्या दिवशी तुमच्या बाईंनी नुसता धोशा लावला होता. भट्टीत कच्चे पफ आणि गॅस संपलेला. रडकुंडीला आल्या होत्या.”

मी विचारलं, “कधी?”

त्याने पावतीपुस्तक उलटवलं. सोळा डिसेंबर. “सव्वासहा वाजले होते मला पोचायला.”

मी म्हटलं, “शक्य नाही. पाचला शेवटचा ट्रे निघाला होता. माझी सही आहे.”

तो म्हणाला, “काका, सही तुमची असेल. सिलिंडर मी खांद्यावरून आणलाय.”

मी ती पावती स्वतः वाचून पाहिली. आत खिमेवाली होती. तिला समोर बसवलं आणि विचारलं, ट्रे किती वाजता निघाला?

तिने बोटातली अंगठी फिरवली. “सात वीस,” ती म्हणाली. “तुम्ही गेलात आणि अर्ध्या तासात गॅस संपला. तुम्हाला फोन करत राहिले. मग पट्टी सात वीसला लावली. नोंदवहीत तुमच्या अक्षरात पाच होतं. ते मी कसं खोडणार?”

“मग दुसऱ्या दिवशी मी पाचला पेटवली असती तर…”

“म्हणून तर तुम्हाला बसवून ठेवलं. सात वीसपर्यंत.”

जवळजवळ अडीच तास! माझा गुडघा, चहा, आंधळ्या मालकाची बेकरी, तुटलेला कान. सगळं चोवीस तास भरावेत म्हणून. आणि मी त्याला घड्याळाकडे बघतो म्हणून नावं ठेवली.

“मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत?”

“मंडळाला कळवलं असतं. सही चुकीची आहे, मी आधीच करून ठेवली होती, असं.”

“तेच ना,” ती म्हणाली. “मग तुमचं काम गेलं असतं. आणि त्यालाही जावं लागलं असतं.” एवढं बोलून ती रडायला लागली. मला वाटलं, घाबरली. तिला म्हटलं, घाबरू नकोस, तुझी काही चूक नाही. ती आणखीच रडली.

बुधवार, २९ जानेवारी

दिवसभर एकच विचार. भट्टी चोवीस तास गार होती. नियम मोडलेला नाही. कुणाच्या पोटात काही वावगं गेलेलं नाही. मग बोलायचं कशाला? उद्या गप्प बसलो तर कुणाला पत्ता लागणार नाही. मसुदा फाडायचा, दुसरा लिहायचा, दोघांना राहू द्यायचं. झालं.

बोललो तर ‘एक जरी चूक’ हे रब्बींचेच शब्द आहेत. चीजवाल्याला जावं लागेल, ज्याने काही केलेलं नाही. आणि हे स्वयंपाकघर सोडून मी दिवसभर करणार काय? ताईचे कान खाणार?

ताईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “भट्टी गार होती ना? मग तू का तापतोयस?”

म्हटलं, “लोक माझ्या सहीवर खातात, ताई. आत काय शिजलं ते त्यांना दिसत नाही. ते पट्टी बघतात आणि घास तोंडात घालतात.”

तिने मान हलवली. म्हणाली, “जा मग. पण त्या मुलाला पुढे करू नकोस.”

जेवण गेलं नाही. रडू आलं हेही लिहून ठेवतो, या वहीला कोण बघतंय.

गुरुवार, ३० जानेवारी

मंडळाचे पाचजण, रब्बी, आणि खिमेवाली-चीजवाला भिंतीशी दोन खुर्च्यांवर. मी अहवाल काढलाच नाही. उभा राहिलो आणि सोळा डिसेंबरचं सांगितलं. कोऱ्या पट्टीवर सही केली, वेळ आधीच लिहिली, ती खोटी ठरली. या दोघांनी माझ्या नकळत चोवीस तास पुरे केले. “चूक झाली ती यांच्या भट्टीत नाही, माझ्या सहीत झाली आहे,” मी म्हटलं. “यांना राहू द्या आणि मला काढा.”

रब्बींनी नोंदवही मागवली, ते पान पाहिलं, दुसऱ्या दिवशीची वेळ पाहिली. विचारलं, “पेटवली कधी?”

“सात पंचवीस.”

“आणि हे तुम्हाला परवा कळलं?”

“हो.”

तेवढ्यात खिमेवाली ताडकन उठली. “मला एक बोलायचंय. आंधळ्या मालकाची गोष्ट आम्ही पहिल्यापासून ऐकली. त्याने तर दोनदा! आता काकांना काढणार असाल तर ते सगळं फुकट गेलं म्हणायचं!”

मंडळातले दोघं हसले. मला लाज वाटली, पण रब्बी गंभीर होते. ते म्हणाले की चूक लहान नाही. महिनाभर पट्टीवर माझी एकट्याची सही चालणार नाही, रब्बी स्वतः सोमवारी येऊन उभे राहणार. त्यानंतर कायमच दोन सह्या: एक माझी, एक ज्याचा ट्रे शेवटचा निघाला त्याची. मी राहायचं. भट्टी दोघांची.

बाहेर आल्यावर मी चीजवाल्याची माफी मागितली. गप्पिष्ट लिहिलं होतं तेही सांगितलं. तो म्हणाला, “काका, खरं सांगू? त्या दिवशी मला घाम फुटला होता. मला दोन वाक्यांपलीकडे बोलताच येत नाही कुणाशी.”

मंगळवार, ४ फेब्रुवारी

रिकामा मंगळवार. काल रब्बी उभे होते, पट्टीवर त्यांची सही झाली. मी नुसता दिवा धरल्यासारखा बाजूला. जड गेलं. जायलाच हवं होतं.

संध्याकाळी भट्टी तापवून घरी आलो, तर दोघं आमच्या दिवाणखान्यात बसलेले. ताईने चांगले कप काढले होते. मला वाटलं, पुन्हा काही घोटाळा झाला.

खिमेवाली म्हणाली, “काका, लग्न आहे. मार्चमध्ये.”

“कुणाचं?” मी विचारलं.

ताईने कप खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. चीजवाला छताकडे बघायला लागला. खिमेवाली मात्र सरळ माझ्याकडे बघत होती. म्हणाली, “आमचं, काका.”

मी बसलो. नोव्हेंबरपासूनचे सगळे मंगळवार डोळ्यांसमोरून गेले, आणि मी अहवालात काय लिहिलं होतं तेही. ते पान मी मंडळापुढे ठेवलं असतं, तर आज हे दोघं इथे नसते, आणि मला शेवटपर्यंत कळलंही नसतं की मी काय केलं.

ती म्हणाली, लग्नाच्या करारावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नात्यातले चालत नाहीत. एक तुम्ही व्हा.

म्हटलं, “पोरी, माझ्या सहीचं काय झालं ते तू परवाच ऐकलंस. भर सभेत. रब्बींना विचार, ते दुसरा कुणी देतील.”

“रब्बींना विचारलं,” चीजवाला म्हणाला. “ते म्हणाले, त्यांनाच सांगा.” एवढं बोलून तो थांबला. दोन वाक्यं झाली होती.

खिमेवालीने माझ्यासाठी चहा ओतला. “फक्त एवढंच काका, की या वेळी कागद आधी भरू. तारीख, वेळ, सगळं. मग तुम्ही सही करा.”

मी म्हटलं, करार एक दिवस आधी माझ्याकडे पाठवा, मी ओळ न् ओळ वाचणार. चूक सापडली तर पुन्हा लिहावा लागेल. दोघंही एकदम हो म्हणाले.

ते गेल्यावर ताई कप विसळत होती. मी टेबलाशी बसलो आणि एका कोऱ्या कागदावर चार-पाच वेळा सही करून पाहिली, गुडघ्याबरोबर हातही थकला आहे की काय म्हणून. सही ठीक होती. मग तो कागद बारीक बारीक फाडून टाकला.